अडीच बोटं

१

जुनी गाडी पाहायला मला बोलावतात, तेव्हा मी गाडीच्या अगोदर माणसं पाहतो. एकजण टायरला लाथ मारतो. दुसरा बोनेट उघडतो आणि विहिरीत पडलेली बादली शोधावी तसा आत डोकावतो. तिसरा सरळ टेप सुरू करतो आणि गाणं नीट वाजलं की गाडी चांगली म्हणतो. या लोकांना गाडी घ्यायची नसते, घेतली म्हणून गावात सांगायचं असतं. मी त्यांना काही सांगायला जात नाही. मी हळू बोलणारा माणूस आहे. माझं एक वाक्य पुरं होईस्तोवर यांचा सौदा झालेला असतो.

शाळा मी चौथीपर्यंत पाहिली. आम्ही ढिवर. माझा बाप मार्कंड्याच्या खालच्या अंगाला वैनगंगेत डोंगा चालवायचा, आणि यात्रेच्या दिवसांत दिवसभर माणसं या काठाची त्या काठाला न्यायचा. पाठमोरा बसलेला असला तरी डोंग्यात कितीजण आहेत, कोण कुठं बसलं आणि त्यात बाई किती, हे तो पाण्यावरून सांगायचा. डोंगा कुठं किती दबला, एवढंच तो पाहायचा. त्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. घाटावर आलेल्याला तू कोण म्हणून विचारायचं नाही आणि त्याला नाही म्हणायचं नाही. आणि उतारू ज्या घाटाचा, त्याच घाटावर उतरवायचा. भलत्या घाटावर उतरवला, तर परत बसवून न्यायचा, मग अंधार पडो की पूर येवो.

मी डोंगा सोडला आणि चामोर्शीच्या गॅरेजात तीस वर्षं काढली, पण गाडी पाहतो ती बापासारखीच. सपाट जागेवर रिकामी उभी करतो. टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत आडवी बोटं घालतो. चारही चाकांवर बोटं सारखी भरली पाहिजेत. इंजिनाचं तोंड पुसून त्याला खोटं बोलायला लावता येतं, वजनाला येत नाही.

यंदाची गाडी माझ्या जावयासाठी पाहायची होती. प्रफुल आरमोरीकडच्या एका आडगावचा. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात वेळेवर गाडी मिळाली नाही, म्हणून माझ्या रीताचं पहिलं लेकरू बैलबंडीतच गेलं. आता ती पुन्हा पोटुशी होती, सातवा सरत आला होता आणि बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. प्रफुलनं ठरवलं होतं की या वेळी दारात स्वतःची गाडी उभी पाहिजे. मी घे म्हटलं की तो घेणार, आणि तिच्या मागच्या शीटवर माझी पोरगी दवाखान्यात जाणार.

२

गाडी गोंडपिपरीला होती. मालक सुरेंद्र, धानाच्या गिरणीवाला. पांढरे बूट घालून धानाच्या कोंड्यात उभा राहणारा माणूस. त्यानं आम्हाला बसवलं आणि गाडीची कीर्तनं सुरू केली.

कंपनीनं ते मॉडेल दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. नवीन निघालं तेव्हा अशी गाडी दारात असली की माणूस पुढारी वाटायचा. मला ती कधीच आवडली नव्हती. एवढी मोठी गाडी आणि दारं दोनच. मागं बसायचं तर पुढची डावी शीट वाकवायची आणि त्या फटीतून आत शिरायचं. मागच्या काचा हातहातभर लांबीच्या, छतापर्यंत वळलेल्या, पण उघडत नाहीत. मागच्या माणसाला बाहेरचं सगळं दिसतं, मात्र पुढच्यानं उतरून शीट वाकवल्याशिवाय बाहेर येता येत नाही. पाहुण्याला मिरवायचं आणि कोंडायचं, दोन्ही एकाच गाडीत.

अंगण एवढं की दहा ट्रक उभे राहावेत. तरी गाडी गोदामाच्या भिंतीला चिकटून लावली होती, डावी बाजू भिंतीला, मध्ये वीतभर जागा. मला वाटलं, ज्याला गाडी लावताही येत नाही त्यानं ती चालवली कशी असेल.

इंजिन सुरू करून मी तेलाचं झाकण काढलं. धूर नव्हता. इंजिन कंपनीच्या दुसऱ्या गाड्यांनाही लागायचं, तेव्हा सामानाची अडचण नव्हती. मिळणार नाहीत त्या फक्त त्या काचा. फरशी गंजलेली नव्हती. गिअर मऊ पडत होते. मग मी बोटं घातली. पुढं दोन्हीकडे चार. मागं उजवीकडे चार. डावीकडे भिंतीच्या फटीतून हात घालावा लागला. तिथं अडीच भरली.

मी खाली झोपून पाहिलं. वजन पेलणारे लोखंडी कमानपाटे दोन्हीकडे सारखे, एकही तुटलेला नाही. पुन्हा बोटं घातली. अडीच.

"भाऊ, गाडी पाहून राह्यले का नाडी?" सुरेंद्र हसला.

मी विचारलं, मागं काही ठेवलं आहे का. तो म्हणाला, काही नाही. मी काचेतून पाहिलं. काही नव्हतंच. फक्त पुढच्या डाव्या शीटच्या पाठीवर, मागच्या अंगाला, रेक्झीन दोन जागी घासून पांढरं पडलं होतं. गुडघे येतात तिथं.

त्याचा ड्रायव्हर जंगू बाजूला उभा होता. चाळिशीचा गोंड माणूस, तोही माझ्यासारखाच कमी बोलणारा. मी त्याला विचारलं, मागं कोण बसायचं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "कोणी नाई बसत जी. जागा नसते."

मला वाटलं, शीट अरुंद आहे म्हणतो. तीन माणसांची शीट होती ती. नोकरही मालकासारखाच, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

३

सुरेंद्र म्हणाला, न्या, दोन दिवस चालवून पाहा, मग बोलू. डाव्या दाराचं लॉक बिघडलं आहे, तेवढं करून घ्या. जंगूनं गाडी भिंतीपासून काढली. मी पाहिलं तर लॉकला काही झालं नव्हतं. दार आतून तारेनं बांधलं होतं, पाच-सहा पिळे देऊन. लॉक बिघडलं म्हणणारा माणूस इतकी नेटकी तार कशाला बांधेल? पण खोटं बोलायची सवय लागली की माणूस गरज नसतानाही बोलतो.

प्रफुल चालवायला बसला. मी ड्रायव्हरच्या दारातून शिरलो आणि गिअरवरून टांग टाकून डाव्या शीटवर सरकलो. जावई तोंड फिरवून हसत होता. मी त्याला हसू दिलं.

आष्टीच्या रस्त्याला लागलो तसं माझ्या पाठीला काहीतरी टोचायला लागलं. एक उजवीकडे, एक डावीकडे. टोचणंही नव्हे, दाबणं. डोंग्यात दाटीनं माणसं बसली की मागच्याचे गुडघे नावाड्याच्या पाठीला लागतात, तसं. मी मनात म्हटलं, शीटची स्प्रिंग सुटली असेल. पुढं सरकून बसलो. गुडघेही पुढं आले.

मी मागं वळून पाहिलं. दुपारचे बारा वाजले असतील. मोठ्या काचांमधून ऊन शीटभर पसरलं होतं. शीटवर धानाच्या कोंड्याची बारीक धूळ होती, फक्त डाव्या कोपऱ्यात नव्हती.

वैनगंगेवरच्या आष्टीच्या पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला एक कच्ची वाट नदीत उतरते. ती दिसू लागली तसे ते गुडघे जोरानं रुतले. मला हाताचा टेका घ्यावा लागला. वाट मागं पडली, पूल लागला, आणि दाब हळूहळू कमी झाला, जसं कोणी रागावून, मग थकून मागं टेकावं.

"मामाजी, काऊन घामेजले?" प्रफुलनं विचारलं.

मी म्हटलं, शीट खराब आहे, बदलावी लागेल. तो टेप लावायला लागला. मी त्याचा हात बाजूला केला. मला गाडीचा आवाज ऐकायचा होता, असं मी त्याला सांगितलं.

४

घरी आल्यावर गाडी मी अंगणात सपाट जागी लावायला सांगितली, मधोमध, सगळीकडून मोकळी. बोटं घातली. मागं डावीकडे अडीचच. मग पक्कड घेतली आणि आतून दाराची तार कापली. दार सहज उघडलं. खाली उतरून मी शीटची कळ दाबली आणि ती पुढं वाकवली, कारण मागची फरशी आतून पाहायची होती.

इथं माझी एक खोड सांगायला पाहिजे. बाप डोंगा काठाला लावायचा, तो धरून बाजूला उभा राहायचा आणि हात पुढं करून म्हणायचा, उतरा. मी गाडीचं दार उघडलं की माझा हातही तसाच पुढं होतो. गॅरेजात पोरं त्यावरून माझी नक्कल करायची. त्या दिवशीही झाला. मी दार धरलं, बाजूला झालो, हात पुढं केला आणि रिकाम्या गाडीला सवयीनं म्हणालो, "उतरा."

कमान कुरकुरली. गाडी मागून डावीकडे वर आली. सावकाश, म्हातारं माणूस उतरल्यावर बंडी येते तशी.

मी बोटं घातली. चार.

आता हसू येतं, पण मी त्या वेळी खूश झालो. मला वाटलं, पाटे एकमेकांत अडकून बसले होते, खराब रस्त्यानं मोकळे झाले. एवढ्याशा गोष्टीसाठी तो पांढऱ्या बुटांचा शहाणा चांगली गाडी काढून टाकतो आहे. तार बांधतो, भिंतीला लावतो, आणि एक पाटा मोकळा करायचं सुचत नाही. मी प्रफुलला म्हटलं, "घे. बिनधास्त घे."

तो धावतच ओसरीवर गेला, रीताला सांगायला. ती बाजेवर बसली होती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीच्या पायरीवर बसून बिडी ओढत होतो. माझी बायको आशाबाई अंगणात धान वाळवत होती. रीता बाजेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती, पायथ्याच्या टोकाला.

बाजेचं सुंभ रीताच्या खाली दबलं होतं, ते ठीकच. पण उशाच्या टोकालाही एक झोळ होता. मधला भाग वर उचललेला. दोन माणसं दोन टोकांना बसली की होतो तसा.

मी बिडी विझवली. सुंभ जुनं आहे, असं मनात म्हटलं. ते मी स्वतः दिवाळीनंतर विणलं होतं.

मी जिथं होतो तिथूनच पाहत राहिलो, बापासारखा. वजन पन्नास किलोच्या आतलं. बाईमाणूस. सारखं पसरलेलं नाही, मागं रेललेलं, जपून. रीता बसत होती अगदी तसंच.

रीता म्हणाली, "बाबा, हे पोरगं मोठं खोडकर निघन बघा. कालपासून पाठीकडून लाथा मारून राह्यलं."

आशाबाई तिकडून म्हणाली, लेकरू पाठीला लागलं की होते तसं. रीता हसली. हसता हसता तिनं शेंगांचं सूप उचललं आणि ती थोडी बाजूला सरकली. कुणाकडेही न पाहता, जशी बाई दुसऱ्या बाईला जागा देते. उशाकडचा झोळ तिच्याजवळ सरकला.

मी अंगणात गेलो आणि गाडीपाशी उभा राहिलो. मागं डावीकडे चार बोटं. चांगली, मोकळी, रिकामी गाडी.

आयुष्यभर मी टायरला लाथ मारणाऱ्यांना हसलो. त्यांनी निदान कोणाला माझ्या घरात आणून सोडलं नव्हतं.

६

मी आशाबाईला सांगितलं की रीताला घेऊन शेजारी बायनाबाईकडे जा, बाज उन्हात टाकायची आहे. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, पण गेली. जाताना रीताची पाठ ती चोळत होती. उशाकडचा झोळ उठून दोघींच्या मागं जायच्या आत मी बाजेच्या आडवा उभा राहिलो.

मग गाडी अंगणातून ओसरीला लावली. डावं दार उघडलं. शीट वाकवली. दार धरून बाजूला झालो आणि हात पुढं केला. गावात चिटपाखरू नव्हतं. सगळे मळणीला गेले होते.

मी म्हटलं, "चाल बाई. मी तुले भलत्या घाटावर उतरवलो. चूक माही होय. ते पोरगी लेकुरवाळी होऊन राह्यली, तिच्याजवळ तुहं काम नाई. बस. तुले जिथी जायाचं हाये तिथी मी नेतो."

बराच वेळ काही झालं नाही. मला माझीच लाज वाटली. साठी उलटलेला माणूस, भरदुपारी, बाजेशी बोलतो. सुरेंद्र पाहता तर पांढरे बूट वर करून हसला असता.

मग सुंभ करकरलं आणि बाज सपाट झाली.

माझ्या पुढं केलेल्या हाताला काही लागलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. कमान कुरकुरली. मी शीट मागं केली, दार लावलं, तारेचे सहा पिळे दिले. बोटं घातली. अडीच.

संध्याकाळी रीता म्हणाली की पाठ आता हलकी आहे.

प्रफुलला मी गाडी नको म्हणून सांगितलं. तो भडकला. काल चार बोटं म्हणता, आज अडीच म्हणता. "मामाजी, तुमचे बोटं लहानमोठे होतेत काय?" त्याचं बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं की रीताला पौष लागताच चामोर्शीला दवाखान्याजवळ खोली घेऊन ठेवू, गाडीची गरजच पडू द्यायची नाही. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, पण खोली घेतली. माघात रीताला मुलगी झाली, आचल. दोघी सुखरूप.

७

गाडी परत न्या म्हणून मी गोंडपिपरीला दोनदा निरोप पाठवला. सुरेंद्र आला नाही. जंगू आला सायकलनं, तेवढ्या लांबून. त्यानं अंगणात न शिरता कुंपणाबाहेरून सांगितलं, "मालक म्हणते, राहू द्या तुमच्याकडेच. काई नाई पाह्यजे." मग गाडी भिंतीला लावलेली पाहिली आणि मान हलवली.

हो, मीही लावली होती. डावी बाजू भिंतीला.

पौषातल्या सकाळी सगळ्या काचांवर बाहेरून दव असायचं. डाव्या मागच्या काचेवर मात्र आतून एक वाफेचा ठिपका असायचा, बशीएवढा, बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी. मी तो पुसायला कधी आत गेलो नाही. पण मी तिला नेतो म्हटलं होतं. ते शब्द मला झोपू देईनात. नावाड्यानं उतारू डोंग्यात बसवून डोंगा खुंट्याला बांधून ठेवायचा, याला माझ्या बापानं काय म्हटलं असतं?

मग एका सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, मी एकटाच गाडी घेऊन आष्टीचा पूल ओलांडला आणि त्या कच्च्या वाटेनं खाली नदीत उतरलो. वाळूवर कोणी नव्हतं. पलीकडे दोन बगळे. मी तार काढली, शीट वाकवली, दार धरलं, हात पुढं केला.

"उतर बाई. आला तुहा घाट."

गाडी वर आली नाही. मी वाट पाहिली. पुन्हा म्हटलं. बगळे उडाले. मग कमान कुरकुरली, पण माझ्या बाजूची नाही. पलीकडची. उजवीकडून गाडी सावकाश खाली बसली.

मी वळसा घालून गेलो. उजवीकडे बोटं घातली. अडीच.

ती तिथं उतरायला आलीच नव्हती. कोणीतरी तिथं थांबलं होतं, आणि ती त्याला घ्यायला आली होती. घाटावर आलेल्याला नाही म्हणायचं नाही. मी शीट मागं केली, दार बांधलं आणि दोघांना घेऊन घरी आलो. रस्ताभर पाठीला काही लागलं नाही. मी ड्रायव्हरच्या शीटवर होतो, मागचे दोघे एकमेकांत असावेत.

फाल्गुनात प्रफुल आणि रीता आचलला घेऊन आले. प्रफुलनं गाडी पाहिली. मी सांगायच्या आत वाकला आणि माझ्यासारखी बोटं घातली, दोन्हीकडे. त्यानं ती माझ्याकडूनच पाहून ठेवली होती.

"मामाजी, आता तं सरळ उभी हाये. दोनी बाजूनं सारखी. बसा वो तुम्ही, मी पोरीले चक्कर मारून आणतो." आणि त्यानं भिंतीपासून गाडी काढली, तार सोडली, शीट वाकवली. रीता आचलला घेऊन पाय वर टाकणार होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. काय बोललो ते आठवत नाही. आचल रडायला लागली आणि रीता मागं झाली. प्रफुल मला म्हातारचळ लागला म्हणाला. म्हणू दे. टायरला लाथ मारणाऱ्यांतला तो नव्हता. त्यानं बरोबर मोजलं होतं, आणि तेच वाईट होतं.

त्याच दुपारी मी दार पुन्हा बांधलं, चारही चाकं काढली आणि चॅसीखाली सागाचे चार ओंडके दिले. आता तिला कमान नाही, बोटं घालायला फट नाही. ती कोणाला नेणार नाही आणि कोणी ती मागणार नाही. मला वाटलं, संपलं.

आज चैत्र सरतो आहे. आमची जमीन मुरमाड. या उन्हात तिच्यावर कुदळ मारली तर ठिणगी उडते. पुढचे दोन ओंडके होते तसे आहेत. मागचे दोन जमिनीत रुतत चालले आहेत. रंगपंचमीला एक बोट रुतले होते, काल सकाळी मोजले तेव्हा सात.

दाराची तार तशीच आहे. गंजलीसुद्धा आहे. उतरायला दार लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चढायलाही लागत असेल, असं धरून चाललो होतो.